स्वयंपाकघराची खिडकी

सेंट जॉन खोरं, मेन
१६ ऑक्टोबर १९३९

चि. झेली हिस,
ओदिलचे अनेक आशीर्वाद.

बटाटे तळघरात गेले, लाकूड ओसरीत छपरापर्यंत रचून झालं. रेजिसशिवाय हा पहिलाच हिवाळा आणि खरं सांगू का, मला त्याची धडकी भरली आहे. मागच्या जानेवारीत वारा आत शिरला, रेजिसच्या छातीत कफ धरला आणि माझा माणूस गेला. म्हणून यंदा घराभोवती डांबरी कागद ठोकला, त्यावर सूचिपर्णी स्प्रूसच्या दाट फांद्यांचा बांध घातला, फटीफटीत चिंध्या कोंबल्या. वाऱ्याने आता बाहेर बसून रडावं.

धुराडंही मीच साफ केलं. रेजिस करायचा तसंच, स्प्रूसचा शेंडा दोराला बांधून छपरावरून आत सोडला आणि वरखाली घासला. शेवटी दोर हलकाच वर आला. गाठ सुटून झाड खाली राखेत पडलं असणार.

सासूबाई मात्र जिवाला घोर झाल्या आहेत. मी फटी बुजवते आणि त्या स्वयंपाकघराची खिडकी उघडून बसतात. नोव्हेंबर, मृतांचा महिना, जवळ आला, रेजिसला घरात यायला वाट नको का, म्हणतात. ऐंशीच्या पुढच्या बाईशी भांडू तरी किती?

तुझी माया आहेच, ती अशीच ऊबदार राहू दे.
तुझी ओदिल

लुइस्टन
२१ ऑक्टोबर

ती. ओदिलताईस,
झेलीचा सा. न. वि. वि.

तू छपरावर चढलीस हे वाचून माझ्या हातातलं धिरडं ताटात पडलं. वय काय, वजन काय! बाबा असते तर त्यांनी शिडीच लपवली असती. ते झाड राखेच्या दारातून काढलंस ना? नक्की बघ हं. मला चैन पडत नाही.

सासूबाईंशी भांड खुशाल. भांडायला कोणी आहे तोवर तू एकटी नाहीस. गिरणीत जादा पाळ्या लागल्या आहेत, नाहीतर मीच आले असते.

राग नसावा, लोभ भरपूर असावा.
तुझी झेली

सेंट जॉन खोरं
३० ऑक्टोबर

चि. झेली हिस,
अनेक आशीर्वाद.

राखेचं दार उघडून पाहिलं. झाड नाही. जळून गेलं असेल. चूल पेटवताना थोडा धूर मागे फिरतो, मग निवळतो.

झेली, कोणाला सांगू नकोस. रेजिस घरात आहे. दारं लावून बसलं की जिन्यावर त्याची पावलं वाजतात. छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, डोकं फुटतं, मळमळतं. अंगणात गेले की सगळं बरं. मांजर तर घरात पाऊल टाकत नाही. सासूबाई खुश आहेत, मुलगा आला म्हणून. मला मात्र घाम फुटतो. त्याच्या सेवेत माझं काही कमी पडलं का गं?

तो त्या खिडकीतूनच येतो. बुधवारी कडाका पडणार म्हणतात. बुधवारी ती खिडकी मी खिळे मारून बंद करणार आहे.

माझ्यासाठी प्रार्थना कर. विसर पडू देऊ नकोस.
ओदिल

लुइस्टन
१ नोव्हेंबर, बुधवार

ताई,

पत्र आत्ता मिळालं. मायना लिहायला सवड नाही. खिडकी ठोकू नकोस. ठोकली असशील तर फोड. चूल विझव आणि सासूबाईंना घेऊन अंगणात जा.

तो रेजिस नाही. ते झाड आहे, धुराड्यात अडकलेलं. चुलीचा विषारी वायू घरात कोंडतो आहे. आमच्या गल्लीत एक जोडपं असंच गेलं. ना धूर, ना वास. आधी डोकं दुखायचं, मग त्यांनाही भिंतीत माणसं चालताना ऐकू यायची. पाळी सोडून तारघरात पळाले, तुमच्या चर्चच्या फादर मिशोंना तार केली. ती वेळेवर पोचते की नाही देव जाणे. मला खूप भीती वाटते आहे, ताई.

एक ओळ लिही. फक्त एक ओळ.
झेली

सेंट जॉन खोरं
६ नोव्हेंबर

चि. झेली हिस,
आम्ही दोघी जिवंत आहोत, हे आधी लिहिते. मग आशीर्वाद.

बुधवारी मी खिडकी ठोकलीच होती. गुरुवारी मृतांचा दिवस. सकाळी मी टेबलावर डोकं टेकून पडले होते, हातपाय हलेनात. सासूबाईंना खिडकी उघडेना, तेव्हा त्यांनी चुलीची सळई उचलली आणि काच फोडली. ये रे, आत ये, अशी रेजिसला हाक मारत होत्या. गार वारा तोंडावर आला तशी मी उठले आणि त्यांना शिव्या देत अंगणात ओढलं. तार घेऊन फादर आले तेव्हा आम्ही बर्फात उभ्या राहून भांडत होतो. तार वाचून फादरांनी झगा खोचला आणि थेट शिडी चढले. झाड धुराड्याच्या वळणावर आडवं बसलं होतं, काजळीने गच्च.

आता चूल धूर छान वर ओढते. डोकं दुखत नाही. मांजर घरात आलं. जिन्यावर पावलंही वाजत नाहीत. रेजिस का येत नाही, असं सासूबाई रोज विचारतात. तो नव्हताच, हे मला कळतं गं. तरी भांडी घासताना माझे कान जिन्याकडेच असतात.

परवा काच बसवायला माणूस आला होता. खिडकी बोटभर उघडी राहील अशी बसव, म्हटलं त्याला. का विचारलं त्याने. हवेसाठी, म्हटलं.

तुझ्यामुळे वाचले. येत राहा, लिहीत राहा.
तुझी ओदिल