न बांधलेलं पेन

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६, ॲन आर्बर

रूममेट प्राचीच्या नादी लागून आज क्रेडिट युनियनची, म्हणजे सभासदांच्याच मालकीच्या बँकेची, मेंबर झाले. चुकलं का? काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, हार्ड इन्क्वायरी, म्हणजे उधारीच्या इतिहासाची चौकशी, करत नाही, क्रेडिट रिपोर्टवर काही येणार नाही. पण का करत नाही? गेल्याच महिन्यात दोन क्रेडिट कार्डवाल्यांनी माझा रिपोर्ट काढून नकार कळवला, आणि त्या दोन्ही चौकशांची त्यात नोंद पडली. इथले घरमालकही तोच रिपोर्ट बघतात; तिसरी नोंद पडली तर जानेवारीत मला अपार्टमेंट कोण देणार?

नागपुरात खातं उघडायला जुन्या खातेदाराची सही लागायची. त्यासाठी बाबांनी देशमुखकाकांना दोनदा चहाला बोलावलं होतं. इथे पाच डॉलर भरले, पासपोर्ट दाखवला, की म्हणे, "आता तूही इथली एक मालकीण!" पेनसुद्धा दोरीनं बांधलेलं नाही. वर म्हणते, "ठेव तुझ्याकडेच."

"यार, किती संशय घेशील?" प्राची वैतागली.

घेणारच. पेन फुकट देणारी बँक मी आजवर पाहिलेली नाही. बारीक अक्षरांतले चारही कागद दोनदा वाचले, काहीच सापडलं नाही. तेच जास्त खटकतंय. त्यांनी माझी चौकशी केली नाही, आणि मी संध्याकाळभर त्यांचीच करत बसलेय.

तेही त्यांच्याच पेनानं. झरझर चालतंय मेलं.