काळ्या रानातली मेंढरं

१३ मार्च, म्हसवड. सकाळी आईला दवाखान्यात नेऊन आणलं. गुडघे तिला आता पायरी चढू देत नाहीत. दुपारी नाना येऊन गेले. आई झोपली आहे.

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते. आता मी विमान चालवते. कंपनीने नोकरी दिली, त्यांच्या विमानाचं शिक्षण दिलं आणि पाच वर्षं सोडून जाणार नाही असा करार लिहून घेतला. मधेच सोडलं तर शिक्षणाचा खर्च मी भरायचा, नाहीतर जामीनदाराने. जामीनदार नाना आहेत, तुमचे धाकटे भाऊ; त्यांचं रान त्या कागदावर लिहिलंय. माझं राहणं गुवाहाटीला. आता दुसऱ्या एका कंपनीने पुण्याला बोलावलं आहे. तिथून दर सुट्टीला आईपाशी येता आलं असतं. आज उत्तर द्यायचं होतं. नाना म्हणाले, "जा तू, पोरी. माजं रान कुटं पळून जातंय?" आणि हसले. त्यांनी अडवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मला कडेगाव आठवतं. एका बागायतदाराच्या रानात खतासाठी अमावस्येपर्यंत मेंढरं बसवायची, असा तुम्ही शब्द दिला होता. अवकाळी पाऊस लागतो. काळ्या रानाचा चिखल होतो, मेंढरांची खुरं सडायला लागतात. वरच्या माळाचा मालक मेंढरं घेऊन या म्हणतोय. आई म्हणते, "आवं, बागायतदारास्नी इचारा तरी. माणूस हाय, वाघ न्हाई." तुम्ही घोंगडं घेऊन तसेच बसून. "सबूद दिलाय," एवढंच बोलता. माझी काळ्या तोंडाची मेंढी त्या चिखलातून उठलीच नाही. अमावस्येला बागायतदार आला, त्याने वाकून मेंढरांचे पाय बघितले. मग म्हणाला, "मला सांगायचं तरी, गड्या. मी कवाच सोडलं असतं."

पुढे सगळे तुम्हाला शब्दाचा माणूस म्हणत राहिले. आता मलाही म्हणतील, चुलत्यासाठी थांबली. पण आई एकटी आहे, जवळ बदली द्या, एवढंही मी कंपनीत कधी विचारलेलं नाही. साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. ते करारामुळे नव्हतं, आबा. मला विचारायचीच भीती वाटते. तुम्हालाही त्या चिखलात तीच वाटत होती का?

पुण्याला नकार कळवला आहे. उद्या निघायचं. पांढरा शर्ट खाटेवर अंथरलाय, खांद्यावरच्या पट्ट्या काढून ठेवल्यात. इस्त्री तापली. आधी कॉलर घेते.