ट्रॅक्टरचा पोळा आणि पवनीची नोकरी

भंडारा, तुमसर रोड
गणपती बसले त्याचा दुसरा दिवस, १९८३

तीर्थरूप भैयाजीमामांच्या पायांवर त्यांची भाची पंचफुला डोके ठेवते. (फक्त कागदावर ठेवते आहे. केसांना आत्ता ग्रीस लागलेले आहे आणि मला तुमच्या धोतराची काळजी वाटते.) तुमची दाढ आणि ललितामामींचे गुडघे आता कसे आहेत ते कळवावे. इकडे आईची प्रकृती उत्तम आहे, म्हणजे ती मला सकाळ-संध्याकाळ बोलते आहे. बाबांची भूक चांगली आहे. माझी बरी आहे, पण पुरणपोळीचे नाव काढले की मी पानावरून उठते. ते का, हे पुढे येईलच.

पवनीच्या शाळेतली शिक्षिकेची जागा तुम्ही माझ्यासाठी अडवून धरली आहे आणि होकार कळव म्हणून दोनदा पत्र पाठवले, याची मला पूर्ण जाणीव आहे. आपल्या दोन्ही घरांतली पहिली बी. ए. पोरगी गाडीखाली उताणी पडलेली असते, हे चारचौघांत सांगवत नाही, हे तुमचे म्हणणेही मला मान्य आहे. (उताणे पडल्याशिवाय गाडीचे तेल सोडता येत नाही. पण ते असो.) बाबांनीही हाताला प्लास्टर चढले त्याच दिवशी ठरवले होते की आता हे गॅरेज तुमसरच्या धनीराम मिस्त्रीला देऊन टाकायचे आणि मला पवनीला पाठवायचे. म्हणजे सगळे ठरलेलेच होते. तरी उत्तराला उशीर झाला. याला मी जबाबदार नसून आमची गिऱ्हाईके जबाबदार आहेत.

बाबांचा हात कसा मोडला हे आईने तुम्हाला 'पाय घसरला' असे कळवले आहे. ते खरे नाही. कारध्याचे वासुदेवराव आपली फटफटी घेऊन आले आणि ब्रेक लागत नाहीत म्हणाले. बाबा म्हणाले, ठेवून जा, पाहतो. यावर वासुदेवरावांना वाटले, बाबांचा विश्वास बसला नाही. "पाहा मंग!" म्हणून ते मागे गेले, वेग घेऊन आले आणि ब्रेक खरोखरच लागत नाहीत हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. बाबा समोर उभे होते. वासुदेवराव मनाने फार चांगले. दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसून रडले आणि रडता रडता म्हणाले, "खुशालभाऊ, म्या खोटं तं नाई बोललो ना?"

तेव्हापासून बाबा दारातल्या खाटेवर आणि मी आत. लहानपणापासून बाबांच्या हातात पाने देत देत सगळे पाहिलेलेच होते, त्यामुळे गाड्यांनी मला कधी छळले नाही. गाडी बिचारी काय दुखते ते आवाज करून सांगते. गाडीसोबत जो येतो तो मात्र सांगत नाही. मामा, तुम्हाला माहीत आहे, माझा माणसाच्या चांगुलपणावर विश्वास आहे. म्हणून मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली : 'गाडीला काय झाले ते खरे सांगावे. खोट्याने यंत्राची हानी होते.' ती पाटी पहिल्यांदा ताराचंदने वाचली. हा ताराचंद भंडारा ते पवनी सवारी जीप चालवतो. (तुम्ही त्याच्या जीपमधून आला असाल तर त्याला तुम्ही आठवणार नाही, इतकी माणसे तीत असतात.) त्याने पाटी मोठ्याने वाचली, "वा, ज्ञानाची गोष्ट लिवली," म्हणाला आणि लगेच सांगितले की चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे आपोआप तुटले, गाडीत मोजकीच माणसे होती. मी म्हटले, दादा, तुमच्या जीपच्या मागे, टपावर, पायरीवर सगळीकडे माणसे मी स्वतः पाहते. तो म्हणाला, "ते तं लटकून असतेत ना बाई! लटकलेल्याचं वजन गाडीवर थोडीच येते? ते ज्याचं त्याले येते." मी त्याला खडूने जमिनीवर चित्र काढून वजन कसे काम करते ते समजावले. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मंग दोन्ही बाजूनं सारखे लटकवले तं चालते ना?"

अशा लोकांत मी पोळ्यापर्यंत दिवस काढले. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, धनीराम मिस्त्री आले. आमच्या धंद्यात पद्धत अशी की गॅरेज विकत घेणारा आधी एक दिवस तिथे बसतो आणि कोण येते, काय काम निघते ते पाहतो. धनीराम पांढराशुभ्र टेरिकॉटचा शर्ट घालून आले होते. बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "पोरी, आता तू निवांत मास्तरीण हो. हे आपल्या पोरीबाळीयचं काम नोहे." मी त्यांच्या खुर्चीखालचा पाना तेवढा मागून घेतला. मी तेव्हा कारबुरेटर उघडलेला होता.

इतक्यात रस्त्यावर गलका झाला. शेजारची पोरे आपले लाकडी नंदी घेऊन तान्ह्या पोळ्याला निघाली होती, ती सगळी थांबून बघत होती. एक बैलजोडी, शिंगांना कालचा बेगड तसाच, एक ट्रॅक्टर ओढत आणत होती. ट्रॅक्टरलाही बाशिंग बांधलेले होते. पाठीवर झूल. पुढे त्याचा मालक जागेश्वर आणि मागून त्याची बायको चंद्रभागाबाई पदराने ट्रॅक्टरला वारा घालत चालली होती. जागेश्वरने औंदा आपली जोडी विकून हा जुना ट्रॅक्टर घेतला, एवढे आम्हाला ठाऊक होते; ओढणारे बैल शेजाऱ्याचे. मी विचारले, काय झाले? "काही नाई झालं," जागेश्वर म्हणाला. "उभा होता. चालवला तं गरम होऊन राहिला." मी विचारले, तुम्ही काय केले? "काहीच नाई केलं बाई." चंद्रभागाबाईने पाटीकडे पाठ केली होती.

मामा, मी ट्रॅक्टरभोवती फिरून पाहिले तर मागच्या चाकावरून मुंग्यांची एक रांग चढली होती. ती सीटवरून, स्टिअरिंगखालून निघून थेट बॉनेटवर गेली होती आणि रेडिएटरच्या झाकणापाशी (इंजिन थंड ठेवायचे पाणी जिथून भरतात ते) त्यांची यात्रा भरली होती. इंजिनात मुंग्यांचे काय काम, हे मी तर्काने शोधत होते, तेवढ्यात धनीराम उठले. यंत्र कसे पाहतात ते या पोरीला दाखवावे असे त्यांना वाटले असावे. त्यांनी ट्रॅक्टर सुरू करायला लावला. थोड्या वेळाने वाफ येऊ लागली आणि मामा, त्या वाफेला जायफळाचा वास! खाटेवरून बाबा म्हणाले, "कोनाच्या घरी पुरन शिजून राहिलं?" मी ओरडले, काका, गरम झाकण उघडू नका. धनीराम म्हणाले, "मले शिकवू नोको," आणि गोणपाट आडवे धरून त्यांनी झाकण फिरवले.

गोणपाट होते म्हणून भाजले नाहीत. शर्ट मात्र कॉलरपासून खिशापर्यंत पिवळा झाला आणि खिशात डाळ गेली. तान्ह्या पोळ्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.  धनीरामांनी गालावरचे बोटाने पुसले, वास घेतला, आणि (मी हे स्वतः पाहिले आहे) चाखले.

मग चंद्रभागाबाईला रडू फुटले आणि सगळे बाहेर आले. घरात बैल नाहीत असा तिचा हा पहिलाच पोळा. "बैल नाई म्हनून का पोळा नाई कराचा? आखं वरीस राबला तो. त्याले का उपाशी ठेवाचं?" म्हणून आदल्या दिवशी दोघांनी रीतसर ट्रॅक्टरच्या खांद्यांना, म्हणजे चाकांवरच्या पत्र्यांना, तूप-हळद चोळली. कानात, म्हणजे आरशात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे आमंत्रण दिले. पोळ्याला सगळ्या गावाच्या बैलांबरोबर तोरणाखाली उभा केला. (गावचे बैल थोडे बिचकले, पण पाटलाने काही हरकत घेतली नाही.) घरी आणून चाके धुतली, ओवाळले आणि जेवायला वाढले. इथे नवराबायकोत वाद झाला. जागेश्वरचे म्हणणे, डिझेल टाकतात ते तोंड. चंद्रभागाबाई म्हणाली, "डिजल तं त्याचं औषध होय. पानी जिथून पेते तेच तोंड." तिचे म्हणणे बिनतोड असल्याने पुरणपोळीचे बारीक तुकडे करून ते तिथून भरवले. वरून कढी घातली, कारण पोळी कोरडी जात नव्हती.

मला त्या वेळी गप्प राहवले नाही. शिक्षणाचा उपयोग आत्ता नाही तर केव्हा, असे वाटून मी वैज्ञानिक दृष्टीवर त्या दोघांपुढे चांगले सविस्तर बोलले. चंद्रभागाबाईने डोळे पुसले आणि विचारले, "मंग तुमी दसऱ्याले पान्यायले हळद-कुकू काहून लावता वो?" मी म्हटले, लावतो, पण आम्ही पान्यांना जेवू घालत नाही. ती पान्यांकडे पाहत म्हणाली, "म्हनूनच तं असे वाळले." बाबा खाटेवर इतके हसले की आई आतून धावत आली.

रेडिएटर सोडवला, धुण्याचा सोडा घातलेले गरम पाणी खालून वर उलटे सोडले, पुन्हा पुन्हा सोडले. डाळ निघाली, गूळ निघाला, कढीपत्ता निघाला. शेवटी स्वच्छ पाणी आले, जोडला, सुरू केला, आणि ट्रॅक्टर गरम व्हायचे नाव घेईना. चंद्रभागाबाईने त्याच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि विचारले, आता पथ्य काय? मी म्हटले, फक्त पाणी. "एकादशी सुटल्यावरबी?" पाणीच. "सनावाराले?" पाणीच. "बिचारा," असे म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला. मलाही वाईट वाटले. म्हणून मी तोडगा सांगितला की पुढल्या पोळ्याला पूजा ट्रॅक्टरची करावी आणि नैवेद्य ट्रॅक्टर चालवणाऱ्याला द्यावा. जागेश्वर ताडकन म्हणाला, "हे सायन्स मले पटलं."

इकडे धनीराम नळावर शर्ट धूत होते. जाताना बाबांना म्हणाले, "खुशालभाऊ, जागा चांगली आहे. पाने घेतो, जॅक घेतो. पन गिऱ्हाईकं तुमच्यापाशीच ठेवा." बाबा म्हणाले, सगळे एकाच मोलात आहे, फोडून मिळणार नाही. धनीराम ओल्या शर्टानेच तुमसरच्या बसमध्ये चढले.

मला वाटले, संपले. पण जागेश्वरने आपल्या गावात काय सांगितले देव जाणे, दुसऱ्याच दिवशी टेकचंद नावाचा एक माणूस खराखुरा बैल घेऊन दारात आला. बैलाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले. "ट्रॅक्टरचा अफरा उतरवला म्हने बाईनं. याचाबी उतरवा." मी म्हटले, हा माझा विषय नाही, जनावरांच्या दवाखान्यात न्या. तो म्हणाला, "तिथचा डाक्टर बी. ए. आहे का?"  तेवढ्यात ताराचंदची जीप रस्त्यावरून गेली आणि तिने सायलेन्सरमधून जोराचा बार काढला. बैल दचकला, उडाला, आणि त्याच्या पोटातून जे काही निघायचे होते ते सगळे मोठ्या आवाजात निघून गेले. टेकचंदने मला हात जोडले. मी जीपला जोडायला सांगितले, पण तो जीपला सोडून माझे पाय धरायला निघाला.

तेव्हा मामा, असे हे लोक. खरे सांगत नाहीत, सांगितलेले ऐकत नाहीत, आणि बरे झाले की श्रेय भलत्यालाच देतात. माणसाने किती सोसावे? शाळेतली मुले निदान बाकांवर बसतात आणि त्यांना बाशिंग बांधलेले नसते. बाबा दुसरे गिऱ्हाईक शोधत आहेत, म्हणजे गॅरेजसाठी. म्हणून माझे उत्तर होकाराचे समजावे. ललितामामींना नमस्कार, लहानांना पापे.

तुमची भाची,
पंचफुला (बी. ए.)

ता. क. वरचे पुन्हा वाचून पाहिले. शाळेला होकार लगेच कळवू नये. बाबांचे प्लास्टर निघेपर्यंत तरी मला येथे राहणे भाग आहे.

ता. क. २. प्लास्टर पोळ्याच्या आधीच निघाले, हे लिहायचे राहिले. तरीही कळवू नये.

ता. क. ३. मामा, आता स्पष्टच लिहिते. मला पवनीला यायचे नाही. ती जागा तुमच्या शेजारच्या निर्मलाबाईंच्या थोरलीला द्यावी, तिला लहान मुले मनापासून आवडतात. मला मनापासून काय आवडते ते मला त्या दिवशी कळले, रेडिएटरमधून स्वच्छ पाणी आले तेव्हा. बाबा तुमच्याशिवाय कोणाचे ऐकत नाहीत. तेवढे त्यांना लिहा की गॅरेज विकू नका, पोरीला चालवू द्या. आईला मी सांभाळते. हे मी तुम्हाला लिहिले असे बाबांना कळू देऊ नका.

ता. क. ४. पत्र पान्याखाली दाबून मी चहा ठेवायला गेले, तेवढ्यात बाबांनी ते वाचले. म्हणाले, "भैयाजीले कायले तरास देऊन राहिली? मलेच विचाराचं होतं." मग मी धीर करून त्यांनाच विचारले. ते चहा संपवून म्हणाले, "भैयाजीले विचारून सांगतो."

तेव्हा मामा, उलट टपाली उत्तर पाठवावे.