नाना, घुबडाची पेटी काढली नाही

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. आज आत्या आली होती. ती जे बोलली ते तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

तेविसाव्या वर्षी तुम्ही इस्राएलला गेलात ते ठिबक सिंचन शिकायला. आजोबांना वाटलं, पोरगा नवं यंत्र घेऊन येईल. तुम्ही शिकून आलात काय, तर घुबडाला घरट्यासाठी लाकडी पेटी कशी करायची ते! तिकडे ज्याच्या शेतावर राहिलात, त्या म्हाताऱ्यानं एकदा दिवेलागणीला गव्हाणी घुबड दाखवलं होतं. म्हणाला होता, "हा माझा रखवालदार. रात्रभर उंदीर मारतो." आपल्याकडे उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडायचे, आणि विष टाकलं की उंदरांबरोबर मांजरं, मोरही मरायचे. त्यावरचा उपाय तुम्हाला तिथे दिसला.

केळीच्या बागेत खांबावर पेटी चढली तेव्हा गाव हसलं. पुढे तेच लोक जखमी घुबडं पोत्यात घालून तुमच्याकडे आणू लागले. रावेर-यावलच्या शाळाशाळांतून तुम्ही बोलत फिरलात. दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यासाठी घुबडं धरणाऱ्यांच्या मागे जायचात. आम्ही फराळाला किती वाट बघायची हो?

मग आई गेली, हृदयविकारानं. "भाऊ, ते डबडं काढ. त्यानंच घराले खाल्लं," आत्या म्हणाली. मीही ओरडले, "आईपेक्षा घुबड मोठं का?"

तुमचे डोळे लाल झाले होते. म्हणालात, "पेटी काढली, तर तुझ्या आईला घुबडानं मारलं असं मीच कबूल केल्यासारखं होईल. मग या गावात एक तरी घुबड जिवंत राहील का?"

मला ते पटायला फार वर्षं लागली, नाना.

आज आत्या पुन्हा तेच म्हणाली, "आता भाऊबी गेला. आतातरी काढ, बाई!"

"आत्या, नानांना कॅन्सर होता. जळगावच्या दवाखान्यात तूच उशाशी बसायचीस ना?"

ती पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "पिल्लं हायेत का त्याच्यात?"

"आहेत."

"मंग राहू दे."

शाळांची बोलावणी अजून तुमच्याच नावानं येतात. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, पण जाईन. कुणी विचारलंच, तर आईचं सांगेन आणि तुमचंही: दोघांना आजारानं नेलं, पाखरानं नाही.

तुमची,
मंगल