नाकतोड्याचं वळण

सॉल्टबी, कॅरव्हॅनमधून
दि. ८ मे १९७९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी कॅरव्हॅन, तुझे मित्र, तुझी दुर्बीण आणि तुझ्या जागी मी, असे आम्ही सुखरूप पोचलो. रोलंडने गाडी इतकी सावकाश हाकली की वाटेत एका सायकलवाल्या पाद्रीबुवांनी आम्हाला मागे टाकलं, वर टोपी उचलून रामरामही केला. मेव्हिस त्यावरून नवऱ्याला जेवणापर्यंत छळत होती. तो म्हणे, घर मागे बांधलेलं आहे, घर घेऊन कुणी पळत सुटतं का.

दरवर्षी मे महिना आला की तू या दोघांबरोबर किनाऱ्यावर पळायचास आणि मी नाक मुरडायचे. पक्षी बघायला एवढं काय जायचं, असं वाटायचं. आता कळतंय. सकाळी भरती ओसरली की ओल्या चिखलावर ते वर वळलेल्या चोचीचे उचाटे उतरतात, इतके नीटनेटके की मला माझ्या चुरगळलेल्या स्वेटरची लाज वाटली. कालवफोडे मात्र नळावरच्या बायकांसारखे भांडतात. रोलंड एका बगळ्याकडे तासभर बघत बसला आणि मग म्हणाला, तोही आपल्याकडेच बघत होता, आता ओळख झाली. अशी माणसं तुला मिळाली हे तुझं भाग्य आहे, दादा. तुझ्या स्वभावाच्या मानाने तर फारच.

तू शिट्टी बिघडली म्हणून फेकायला काढलेली किटली मी पिशवीत घालून आणली होती. ती ठणठणीत वाजते. शेजारच्या कॅरव्हॅनमधला कुत्रासुद्धा जागा होतो.

तुझं कामही केलं. बंधाऱ्याच्या वळणावर, काटेरी झुडपांपाशी, संध्याकाळी उभी राहिले. तुझा तो नाकतोड्या वटवट्या काही गायला नाही. (उड्या मारत असेल, म्हणून नाकतोड्या, असं मी आपलं धरून चालले आहे.) तेव्हा १९ तारखेला पक्षिमंडळाच्या सभेत खुशाल सांग, दलदलीतून तो पक्षी गेला म्हणून. साक्षीदार मी. खरं म्हणजे तिथं गाणं ऐकू येणंच कठीण होतं. कुणीतरी जवळच बसून गळाची रीळ गुंडाळत होता. किर्रर्र किर्रर्र, दम म्हणून नाही, घटकेत जवळ, घटकेत लांब. माझं डोकं उठलं. रोलंडला म्हटलं, त्या बुवाला जरा थांबायला सांगा. तर नेमकी तेव्हाच त्याला खोकल्याची उबळ आली. मेव्हिस म्हणाली, असेल कुणी कोळी, चल, चहा घेऊ.

कॅरव्हॅन विकायचं एवढ्यात ठरवू नकोस. टॉफीला बिस्किटं जास्त घालू नकोस, म्हातारं कुत्रं आहे ते.

लोभ आहेच, तो न आलेल्या माणसावरही राहील.
तुझी,
हेस्टर


नॉरिच
दि. १० मे १९७९

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

साठी उलटलेल्या बाईला चिरंजीव लिहिताना एरवी मला हसू येतं. आज हसायला सुचत नाही.

त्या वळणावर पाणी घोट्याएवढं आहे. तिथं मासा नाही आणि मासा धरणाराही नाही. आणि तो पक्षी उड्या मारतो म्हणून नाकतोड्या नव्हे, बाई. तो नाकतोड्यासारखा किरकिरतो म्हणून नाकतोड्या. तेच त्याचं गाणं. तिकडे मान फिरवली की आवाज लांब जातो, इकडे वळवली की जवळ येतो. तू तिथं त्याचंच गाणं ऐकून वैतागलीस.

मी ते चार वर्षांत ऐकलेलं नाही. चारही वर्षं रोलंड माझ्या खांद्याला खांदा लावून त्याच वळणावर उभा होता. मी म्हणायचो, गेला बिचारा. तोही मान हलवायचा. खोकायचा मात्र खूप. मला वाटायचं, समुद्राची हवा त्याला मानवत नाही.

किटली खरंच वाजते का, ते मला सरळ लिही. मी साऱ्या जिल्ह्याचे पियानो सुरात लावले, हेस्टर. लोक माझ्यासमोर चमचा खाली ठेवताना जपून ठेवायचे. सभेचं भाषण टेबलावर तयार आहे. 'सॉल्टबीची दलदल मुकी झाली,' हे पहिलं वाक्य. नाले उपसून दलदल सुकवणाऱ्यांना त्यात मी धरून धरून बडवलं आहे.

मेव्हिसला विचार. मला कळू न देता विचार, असं लिहिणार होतो. पण आता ते पुरे झालं.

तुझा,
दादा


सॉल्टबी
दि. १२ मे १९७९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

किटली वाजते. फार जोरात वाजते. तू सरळ लिही म्हणालास, म्हणून सरळ लिहिते.

मेव्हिसला मी कपबश्या विसळताना विचारलं. ती हातातला ओला कप तसाच घेऊन पायरीवर बसली. म्हणाली, त्या चारांतल्या पहिल्या वर्षी तिघं त्या वळणावर गेलो, तो किरकिरतच होता. तू कानामागे हात धरलास, थोडा वेळ थांबलास आणि म्हणालास, यंदा आला नाही. रोलंडने सांगायला तोंड उघडलं. पण तुझा चेहरा बघितला आणि त्याला खोकला आला. तो पहिला खोकला. मग पुढच्या वर्षी काय तोंडाने सांगायचं? ती म्हणाली, ज्या माणसाने आम्हाला ऐकायला शिकवलं, त्याला त्याच्या कानांबद्दल आम्ही कसं बोलायचं.

मी भांडायच्या तयारीने बसले होते. खोटं ते खोटं, असं सुनावणार होते. पण तिने आणखी एक सांगितलं. रोलंडला तो पक्षी जिवापाड आवडतो, तरी तुझ्याशिवाय तो त्या वळणावर थांबत नाही. परवा थांबला तो तू मला पाठवलंस म्हणून. एरवी खाली मान घालून चालत राहतो. म्हणतो, क्लेमंटला नाही ते मला एकट्याला नको. मग माझ्याच्याने भांडवलं नाही. दादा, अशी चूक करणारी माणसं मी आजवर पाहिली नव्हती. मला दोघांचाही फार अभिमान वाटला, आणि दोघांना एकेक चापट मारावीशीही वाटली.

पण सभेचं काय? तिथं ती नवी पोरं टेपरेकॉर्डर घेऊन येतात. तू दलदल मुकी झाली म्हणशील आणि त्यातलं एखादं बटण दाबेल. सगळा हॉल ऐकेल, तुला सोडून. आणि रोलंडला मागे बसून खोकावं लागेल. तुझी अशी शोभा झालेली मला बघवणार नाही. म्हणून सांगते, भाषण ठेव बाजूला आणि सोमवारच्या बसने इकडे निघून ये. मी तुझ्या घरी जाऊन टॉफीला सांभाळते. हे दोघं काही विचारणार नाहीत. तूच विचार.

रागावलास तरी चालेल, पण बसमध्ये बसून रागाव.
तुझी,
हेस्टर


सॉल्टबी
दि. १७ मे १९७९

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

बसमध्ये बसून रागावलो. उतरलो तेव्हा रोलंड छत्री घेऊन उभा होता, पाऊस नसताना. त्याने छत्री उघडली आणि मिटली. मी म्हटलं, तुझा खोकला कसा आहे. तो लालबुंद झाला. मेव्हिस म्हणाली, बरा झाला आजपासून. मग आम्ही धुरावलेले मासे आणि पाव खाल्ले.

काल संध्याकाळी वळणावर गेलो. मी रोलंडला बजावलं होतं, गायला की सांगायचं. आम्ही उभे राहिलो. माझ्या कानांना वारा कळत होता, लाटा कळत होत्या. मेव्हिसने माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि दाबलं. आता, म्हणाली. बोट उचललं तेव्हा तो थांबला होता. पुन्हा दाबलं. असं ती न कंटाळता करत राहिली. मी आयुष्यभर लोकांच्या तारा जुळवल्या, पण इतका चोख ताल धरणारं बोट माझं स्वतःचंही नव्हतं.

मग रोलंडने माझी हनुवटी धरून लहान मुलासारखी डावीकडे वळवली. खालच्या फांदीवर, तो.

हेस्टर, खरं सांगतो, चाळीस वर्षं मी हा पक्षी कानाने ओळखला. पहिली किर्र आली की नाव सांगायचं आणि पुढे चालायचं, ही माझी ऐट. एवढुसा तपकिरी पक्षी झुडपात दडलेला, त्याला शोधत कोण बसतो. त्याच्यासाठी दुर्बीण मी कधी वर केलीच नाही. काल केली. चोच सताड उघडी, गळा थरथरतोय, पार शेपटीपर्यंत सगळं अंग थरथरतंय, आणि मान सावकाश इकडून तिकडे. एवढ्याशा जिवाने सगळी संध्याकाळ अंगावर घेतली होती. माझ्या मनगटावर मेव्हिसचं बोट होतं. मला रडू आलं, आणि मी ते खोकून लपवलं नाही.

सभेला जाणार आहे. पुढच्या रांगेत हे दोघं बसतील. नाल्यांवरची पानं फाडली, भाषण आता छोटंच आहे. पहिलं वाक्य तेवढं बदललं. 'सॉल्टबीची दलदल गाते आहे. चार वर्षं मला ऐकू आली नाही, आणि परवा मला ती दिसली.'

कॅरव्हॅन विकायची नाही. पुढच्या मे महिन्यात चौघं जाऊ, जागा होईल. टॉफीला बिस्किटं घाल, मी घालतच होतो. किटली वाजली की मेव्हिस दोन्ही हात वर करते, मग मी उठून चहा करतो.

लोभ आहेच. यापुढे तो जरा मोठ्याने कळवत जा.
तुझा,
दादा