रंभाजीच्या नावाची बाटली

सोनई, ४ फेब्रुवारी १९७२

आदरणीय वहिनीसाहेब,
कानिफनाथ कंपाउंडरचा नमस्कार.

डॉक्टरांचा आजार तुला ठाऊक होता का, असे तुम्ही दहाव्याला विचारलेत. मी नाही म्हणालो. ठाऊक होता.

मालनबाई एकदा दवाखान्यात सर्वांदेखत म्हणाली, "सोताच खोकतोय, आमाला काय बरं करनार?" सगळे हसले. डॉक्टरही हसले. तेव्हापासून दोन वर्षे त्यांच्या औषधाच्या बाटलीवर मी त्यांच्या सांगण्यावरून 'रंभाजी' असे खोटे नाव लिहीत होतो.

नगरला जाऊन छातीचा फोटो काढा, असे मी एकदाच म्हणालो.
"तिथल्या बाकावर आपलेच पेशंट बसलेले असतील," ते म्हणाले.

आज सवयीने बाटली भरली, डोसांची पट्टी चिकटवली आणि प्रथमच तिच्यावर त्यांचे नाव लिहिले. हे पत्र त्या बाटलीखालीच ठेवतो आहे.

आपला,
कानिफनाथ