पोट भरल्याची खबर

रविवार, पौष

माय, तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, रागावू नकोस. सांगण्यासारखं बरंच होतं, पण ज्याच्यासाठी तूच लागावीस असं काही नव्हतं. आता आहे.

तुझी नात तू पाहिली नाहीस. आता तेरा वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिच्या मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, गाठ गेली, नजर वाचली. आम्ही पेढे वाटले. मग तिला भूक लागायला लागली. आधी बरं वाटलं, पोरगी जेवायला लागली म्हणून. पण ती थांबेचना. चार भाकरी खाऊन उठायची आणि परत चुलीशी येऊन उभी राहायची. रडत म्हणायची, "मम्मी, खरंच लागलीय गं." डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. तळाशी थोड्या पेशी असतात. रक्तात साखर किती आली, अंगात साठा किती आहे, याचा अंदाज त्या घेत राहतात आणि आता पुरे, हे त्याच सांगतात. त्यांच्यातल्या तंतुकणिकांचाही यात हात असतो. अन्न आलं की त्यांचं काम बदलतं, त्यावरून पेशीला कळतं, आणि मग साखर सांभाळायचे निरोप यकृताला, स्वादुपिंडाला जातात. तुझ्या नातीच्या त्याच पेशी गाठीपायी गेल्या. मी मान हलवत होते. माय, तंतुकणिका मी नववीला शिकवते. पेशीचे ऊर्जाकेंद्र, एका मार्काचा प्रश्न. "ती हावरी नाही, ताई," डॉक्टर म्हणाले, "पोट भरल्याची खबर तिच्या मेंदूला पोचतच नाही. तिच्या लेखी ती उपाशीच असते. पण साखर चढायला लागलीय. आता पुरे, हे तुम्हालाच म्हणावं लागेल." मी विचारलं, किती दिवस? त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, कायम.

मला तुझं वसतिगृहाचं स्वयंपाकघर आठवत राहतं. तू भाकरी थापतेस, मी शाळा सुटल्यावर तुझ्यापाशी बसलेली. टेंभुर्णीकडचं एक पोरगं पुन्हा भाकर मागतं. दारातून अधीक्षक ओरडतात, "अरे, पोट आहे का कणगी?" पोरं हसतात. तू पिठाच्या हातानं उठतेस. "सायेब, लेकराच्या ताटात बघू न्हाई. भूक ज्याची त्यालाच ठावं." आणि त्याच्या ताटात दोन भाकरी घालतेस. अधीक्षक निघून जातात. त्या दिवशी तुझ्याएवढं मोठं मला कुणीच वाटलं नव्हतं. आता मी दिवसभर लेकराच्या ताटात बघते. तेच माझं काम आहे.

गुरुवारी मी शाळेतून आले तर ती घरात नव्हती. शेजारच्या खालांच्या ओसरीवर शिऱ्याचं ताट पुढ्यात घेऊन बसली होती, ताट पुसून घेत होती. मी खालांवर ओरडले. त्या म्हणाल्या, "पेट पकडके रो री थी बच्ची. भुक्की बच्ची कू वापस भेजूं क्या मैं? इत्ता पढके तेरे कू रहम नै आता?" पोरगी मधे पडली, "खालाला नको बोलू ना, मीच मागितलं." घरी आणून तिच्या बोटातून रक्त काढलं. यंत्रावरचा आकडा तिला दाखवला नाही. ती विचारत होती, "आता रात्री जेवायला देशील ना?"

खाला चुकल्या का? मला तसं म्हणता येत नाही. पदर खोचून उभ्या होत्या तेव्हा त्या मला अगदी तुझ्यासारख्या दिसल्या. आणि तेव्हाच मनात आलं की तू असतीस तर शाळेत जाताना मी पोरीला तुझ्यापाशी सोडू शकले नसते. तुझ्या घराची वाट तिला बंद केली असती. तू नाहीस, ते एवढ्यापुरतं बरं झालं, असं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. हे कुणाला बोलून दाखवता येणार नाही, म्हणून इथं लिहिलं. वहीतच राहील.

उद्याचं काम: खालांपासून सुरू करून गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगणे की माझी मुलगी भूक लागली म्हणून रडत आली, तर तिला काही देऊ नका.